पावातला पाय

माझी आज्जी पाव खात नाही. मिसळीबरोबर ती घरची पोळी घेते, पावभाजीतली नुसती भाजी घेते, आणि वडापाव समोर आला तर वडा काढून घेऊन पाव शांतपणे माझ्या ताटलीत सरकवते. लहानपणी मला त्याचा आनंदच व्हायचा, एक पाव जास्तीचा मिळायचा ना! का खात नाहीस म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "अरे, बेकरीत ती कणीक पायाने तुडवतात. म्हणून तर त्याला पाव म्हणतात!"

यावर बोलायला काही जागाच नव्हती. आरोप आणि पुरावा एकाच शब्दात. पाचवीत हिंदी सुरू झालं, पाँव म्हणजे पाय हे कळलं आणि माझी खात्रीच पटली. (खात्री पटूनही मी पाव सोडला नाही, हा भाग वेगळा.) पुढे हाच शोध मला हॉस्टेलवर एका नागपूरकराने ऐकवला, मग ऑफिसात एका लखनौवाल्याने. प्रत्येक वेळी थाट तोच, 'तुला एक गंमत माहितीये का?'

या गोष्टीतली चूक मला कळली ती मात्र जपानमध्ये. प्रोजेक्टसाठी चार महिने ओसाकाजवळ राहायचं होतं. शाकाहारी माणसाचे तिथे जे हाल होतात ते माझेही व्यवस्थित झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात मी नाक्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातल्या ब्रेडच्या कपाटासमोर मुक्काम ठोकला. त्या कपाटातल्या प्रत्येक पाकिटाच्या नावाला 'पान' चिकटलेलं. शोकुपान म्हणजे आपला स्लाइस ब्रेड, आनपान म्हणजे आत लाल चवळीसारख्या शेंगदाण्यांचं गोड सारण, छे, शेंगदाण्यांचं नाही, कडधान्याचं. आपल्या पुरणाच्या जवळचं काहीतरी. आणि करेपान म्हणजे करी भरून तळलेला पाव, वडापावचा जत्रेत हरवलेला भाऊच. (करेपानात बहुतेक वेळा मांस असतं हे मला जरा उशिरा कळलं. असो.)

एक दिवस शेजारी बसणाऱ्या जपानी सहकाऱ्याला विचारलं, हे पान पान काय आहे? तो म्हणाला, हा आमचा शब्द नाही, पोर्तुगीज लोकांनी आणला. आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली. पोर्तुगीज म्हटल्यावर गोवा, वसई आणि ओघाने पाव!

तर मंडळी, प्रकार असा आहे. लॅटिनमध्ये ब्रेडला शब्द आहे 'पानिस'. त्याचा स्पॅनिशमध्ये 'पान' झाला, इटालियनमध्ये 'पाने' झाला. पोर्तुगीजांनी त्यातला 'न' नाकात ओढला आणि 'पांव' केलं. हे लोक १५१० मध्ये गोव्यात आले, १५३४ मध्ये त्यांना वसई मिळाली आणि १५४३ मध्ये त्यांची माणसं जपानच्या किनाऱ्याला लागली. जिथे गेले तिथे आपली भाकरी घेऊन गेले. कोकणी-मराठीने तो नाकातला आवाज जवळजवळ सोडून दिला आणि 'पाव' घेतला, जपानी माणसाने तोच आवाज पकडून 'पान' केलं. बंगाल्यांनी त्याला आपली रोटी जोडून पाउरुटी केली. पुढे जपानने १६३९ मध्ये पोर्तुगीजांना कायमचं हाकललं, वसई १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी घेतली, गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला. माणसं गेली, पाव राहिला.

म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतला पाव आणि ओसाकाच्या दुकानातलं पान हे सख्खे भाऊ आहेत. आणि गंमत बघा, जपानी भाषेत पायाला 'आशी' म्हणतात. तिथे पान आणि आशी यांची गाठ घालून द्यायची कुणाची टाप नाही. तरी ब्रेडचं नाव तेच! आमच्या भाषेत सांगायचं तर आज्जीच्या थिअरीची ही टेस्ट केस, आणि थिअरी सपशेल नापास. कुठल्याच बेकरीत कधी कुणी कणीक पायाने तुडवली नसेल असं माझं म्हणणं नाही, तुडवलीही असेल. पण नावाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

प्रोग्रॅमिंग शिकताना पहिल्या एक-दोन आठवड्यांतच एक धडा मिळतो. दोन स्ट्रिंग अक्षरश: सारख्या असल्या म्हणजे त्या मेमरीत एकच वस्तू असतात असं नाही. दिसणं तपासायचं की ओळख तपासायची, हे आधी ठरवावं लागतं. हे ठरवलं नाही की कोड चालतो, पण चुकीचा चालतो, आणि असे बग सर्वांत उशिरा सापडतात. आज्जीचा पाव हा साधारण पाचशे वर्षं जुन्या सिस्टिममधला असा बग आहे. जपान्यांनी यावर एक तोडगा काढून ठेवलाय. बाहेरून आलेले शब्द ते बहुतेक वेळा काताकाना नावाच्या वेगळ्या लिपीत लिहितात, त्यामुळे 'पान' वाचतानाच कळतं की पाहुणा आहे. आपल्या देवनागरीत ही सोय नाही. इथे सगळे एकाच पंगतीत बसतात आणि मग कोण कुणाचा कोण हे ओळखायचं काम वाचणाऱ्यावर पडतं.

आणि पंगतीत एका नावाचे किती जण बसलेत बघा. पाव म्हणजे चौथा हिस्सा, 'पाव किलो बटाटे'. पाव म्हणजे ब्रेड. आणि 'देवा, पाव रे' मधला पाव. हा तिसरा संस्कृत 'प्राप्'पासून आला, हिंदीत त्याचा 'पाना' झाला, मराठीत 'पावणे'. पैसे मिळाले म्हणून जी लिहून देतात ती पावती यातलीच. तिघांची स्पेलिंग एक, तिघांची गावं वेगळी.

यातला पहिला पाव मला सर्वांत आवडतो, कारण खरा पाय तिथे आहे! संस्कृत 'पाद' म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पाद म्हणजे चतुर्थांश. झिजत झिजत त्याचा पाव झाला. मग पादाने ऊन, म्हणजे पाव कमी, ते पादोन, त्याचं पाऊण. पादासकट ते सपाद, त्याचं सव्वा. आपण 'पावणेनऊची लोकल' म्हणतो तेव्हा नवातून एक पाय कापलेला असतो. शाळेत 'पाद' या शब्दावर सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा, बाई कितीही 'पादारविंद, पादारविंद' म्हणाल्या तरी. तर त्याबद्दलही सांगून टाकतो. पादणे संस्कृत 'पर्द्' धातूपासून आलं, पादाशी त्याचं नातं नाही. बाईंचं बरोबर होतं.

या पादाची भावकी बघायला गेलं तर कुठल्या कुठे सापडते. फारसीतला 'पा' हा त्याचा चुलत भाऊ, पायजम्यातला पाय तो. लॅटिनमध्ये 'पेद', सायकलच्या पेडलमध्ये तो बसलाय. आणि इंग्रजीत फूट. बारा इंचांचा फूट आणि आपला पाव हे एकाच मूळपुरुषाचे वंशज आहेत, यावर पटकन विश्वास बसत नाही. उलट पक्षात पडते ती फूट, जी इंचाच्या फुटासारखी हुबेहूब दिसते, ती संस्कृत 'स्फुट्'मधली. तिचा आणि या फुटाचा काही संबंध नाही. दिसायला एक ते परके, आणि ज्यांचे चेहरे जुळत नाहीत ते भाऊबंद!

अशा जोड्या एकदा दिसायला लागल्या की सगळीकडे दिसतात. आमच्या त्या लखनौवाल्याला मुंबईत आल्यावर बोरीबंदर हे नाव ऐकून काय वाटलं असेल विचार करा. बोरी म्हणजे पोतं आणि बंदर म्हणजे माकड! १८५३ मध्ये हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी पोत्यातल्या माकडावरून ठाण्याला सुटली, असंच त्याला कित्येक दिवस वाटत होतं. मराठीतलं बंदर फारसीतून आलं, माकडवालं 'वानर'मधून. शेर तर तीन आहेत. जंगलातला फारसी, मुशायऱ्यातला अरबी आणि वाण्याकडच्या मापाचा इथलाच. हे सगळे निरुपद्रवी. माकडावरून कुणी कुणाला पंगतीतून उठवलं नाही.

पावावरून मात्र उठवलं.

गव्हाची रोटी इथे काही नवी नव्हती. नवीन होतं ते आंबवून, भट्टीत फुगवून भाजणं. गोव्यात ती कणीक आंबवायला माडाची सूर वापरायचे. म्हणजे त्या काळच्या सोवळ्या डोळ्यांनी बघा. करणारा किरिस्ताव, आंबवायला सूर, आणि भाजायला पाणी घालून मळलेलं, म्हणजे शिजल्या अन्नाचा सगळा विटाळ लागू. वसईकडे अजून सांगतात की पाद्र्यांनी विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि नकळत ते पाणी पिणारं अख्खं गाव बाटलं. हे प्रत्येक ठिकाणी घडलंच असेल असं मला वाटत नाही. पण ही गोष्ट टिकली कशावर हे बघण्यासारखं आहे. तुकडा टाकणारा एक, पण 'तुम्ही आता आमचे नाही' असं म्हणणारे शेजारचे आपलेच. पाण्यात पडलेल्या पावाने माणूस बदलतो, यावर पाद्र्यापेक्षा आपला विश्वास जास्त पक्का होता.

पावाचं हे वजन ज्यांनी बरोबर ओळखलं त्यांत एक व्याकरणकार होता, याची मला फार मजा वाटते. दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८३६ मध्ये त्यांचं मराठीचं व्याकरण छापलं गेलं, त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात. याच दादोबांनी १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा काढली. जातिभेद मानायचा नाही हा तिचा मुख्य मुद्दा, आणि कारभार सगळा गुप्त. सभासद होणाऱ्याला एक परीक्षा द्यावी लागायची. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. बस्स. लांबलचक शपथा घ्यायला माणूस तयार होतो, घास गिळायची वेळ आली की खरं काय ते कळतं. सुमारे दहा वर्षं हे गुपचूप चाललं. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटली आणि सभा मोडली. एक पाव खाल्ल्याचं उघड होणं एवढीच भीती पुरली. पुढे यातल्याच काही मंडळींच्या पुढाकाराने १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला, तो मात्र उघडपणे.

दादोबांना पाव आणि पाव यांच्या व्युत्पत्ती विचारल्या असत्या तर त्यांनी चुटकीसरशी सांगितल्या असत्या असं मला उगाचच वाटतं.

यानंतर तीस वर्षांनी पुण्यात जे झालं ते जास्त प्रसिद्ध आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला पुण्यातली बडी मंडळी जमली. टिळक होते, रानडे होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता हात लावला. घाट घालणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. हा माणूस म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं! त्यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. गावात भडका उडाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य चाललं आणि शेवटी टिळक आणि रानडे या दोघांनीही प्रायश्चित्त घेतलं. एकमेकांशी कुठल्याच मुद्द्यावर न पटणारे हे दोघे एका बिस्किटाने एका रांगेत आणले.

बिस्किट या शब्दाचा अर्थ काय? लॅटिनमध्ये 'बिस' म्हणजे दोनदा आणि 'कोक्तुस' म्हणजे भाजलेला. दोनदा भाजलेला पाव.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या गोष्टी झाल्या, आज कोण विचारतंय? विटाळाचं म्हणाल तर खरंच कुणी विचारत नाही. आज आमच्या सोसायटीत पाव खात नाही असं घर सापडणार नाही. पण 'पायाने तुडवतात' हे अजून चालू आहे. मला वाटतं, आधी कारण होतं 'करणारा कोण आहे'. ते बोलायची पुढे लाज वाटायला लागली, तेव्हा त्या जागी स्वच्छतेचं कारण आलं, आणि हिंदी पाँव आयताच हाताशी होता. तिरस्कार तोच, फक्त कारणाचं व्हर्जन बदललं. बेकरीवाला गोव्याचा असो, इराणी असो की उत्तरेकडचा मुसलमान असो, त्याच्या पायाबद्दल बोललं जातं. पुरणपोळीची कणीक तिंबताना कुणाचा पाय कुठे होता हे कधी कुणी विचारत नाही. शब्दाची खोटी व्युत्पत्ती ही नुसती चूक असते तेव्हा मी सोडून देतो. पण ती कुणाच्या तरी हातच्या अन्नावर बसली असेल तर सोडून देऊ नये असं मला वाटतं, भले समोर आज्जी का असेना.

मापाचा पाव बाकी चिवट निघाला. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, शेर गेला, पावशेर फक्त शिवीगाळीपुरता उरला, पण 'पाव किलो' राहिलाच. संस्कृत पाय, फ्रेंच वजन. १९५७ मध्ये दशमान नाणी आली तेव्हा पावलीचे पंचवीस नये पैसे झाले, २०११ च्या ३० जूनला ते नाणंही बंद झालं. पाव अजून भाजीवाल्याकडे आहे.

आणि त्या दुसऱ्या पावाचं, म्हणजे लॅटिन पानिसचं, एक अपत्य तर माझ्या पगाराच्या स्लिपवर छापलेलं असतं. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सह. कोम आणि पानिस मिळून जो शब्द झाला त्याचा अर्थ ज्यांच्याबरोबर बसून पाव मोडायचा ते लोक, आपल्या भाषेत पंगतीतले. त्याचीच पुढे कंपनी झाली. ज्यांच्या बिस्किटाला हात लावला म्हणून आमच्याकडे प्रायश्चित्तं घेतली गेली, त्यांच्या आधीच्या राज्याला आम्ही 'कंपनी सरकार' म्हणत होतो, पाव पोटात असलेलं! आणि ऑफिसात ज्या खोलीत आम्ही दिवसातून चार वेळा टाइमपास करतो ती पँट्री, तीही मुळात पाव ठेवायची खोली, त्याच पानिसमधली. हे कळल्यापासून पँट्रीत उभं राहून बिस्किट खाताना मला उगाच भरून येतं.

तर मागच्या विकांताला वाईला घरी गेलो होतो. आज्जी आता सत्त्याऐंशीची आहे, डोकं माझ्यापेक्षा तल्लख. दुपारच्या चहाला बसलो असताना तिला हे सगळं सांगितलं. जपान सांगितलं, लॅटिन सांगितलं. पादोन आणि सपाद ऐकून तिचे डोळे चमकले, कारण तिला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं अजून तोंडपाठ आहे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. मला कॅल्क्युलेटर लागतो.

"म्हणजे पाय आमच्या पावकीत आहे म्हण की," ती म्हणाली.

"हो. आणि बेकरीतल्या पावात नाहीये."

"बरं."

मी वाट बघत होतो. तिने समोरच्या बशीतला टोस्ट उचलला आणि चहात बुडवला. हा टोस्ट ती गेली साठ वर्षं रोज खातेय. कोपऱ्यावरच्याच बेकरीतला. दिवाळीच्या आधी त्याच भट्टीतून नानकटाईचे डबे भाजून येतात, तेही ती आवडीने खाते.

"आज्जी, टोस्ट म्हणजे काय माहितीये का? पावाच्या लाद्या कापून पुन्हा भट्टीत घालतात. दोनदा भाजलेला पाव खातेस तू."

तिने टोस्टकडे बघितलं. अर्धा भिजला होता, अजून थोडा थांबली असती तर कपात पडला असता.

"आणि नानकटाई?"

"नान म्हणजे फारसीत पाव."

"नानकटाईचं तूप आपलं असतं," ती ठामपणे म्हणाली आणि टोस्ट तोंडात टाकला. मग जरा वेळाने, "तुझा तो पाव आण उद्या. एकच आण. बघू कसा लागतो."

रविवारी सकाळी बेकरी बंद होती. पुढच्या महिन्यात जाणार आहे.